काळ्या घोडीची बंद नाल

मी नालबंद आहे असं सांगितलं की लोक मला दोनच प्रश्न विचारतात. पहिला, घोड्याला दुखत नाही का हो? आणि दुसरा, जरा जवळ सरकून, आवाज खाली आणून, काळ्या घोड्याची नाल मिळेल का? चाळीस वर्षं मी घोड्यांचे पाय दोन गुडघ्यांत धरून वाकलो, कंबर कायमची वाकडी झाली, दोन बरगड्या मोडून घेतल्या. इतक्या वर्षांत नाल मुळात कशासाठी मारतात, हे विचारणारा माणूस मला शहरात भेटला नाही. दारावर ठोकण्यासाठीच घोड्याला पाय दिले आहेत अशी बहुतेकांची समजूत असावी.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा." गमती आहेत, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर हा धंदा चिडचिडीचा आहे, आणि त्या चिडचिडीला घोडा क्वचितच कारण असतो. घोडा लाथ मारतो ती सरळ मारतो. मालक काय करील याचा नेम नाही.

आमचं घर मूळचं करमाडचं, मेंढरं राखणारं. मेंढरांमागं फिरताना बिऱ्हाड लादायला आमच्याकडं तट्टू असायचं. एका वर्षी ते लंगडायला लागलं म्हणून वडिलांनी मला ते घेऊन शहरात टांगास्टँडवर पाठवलं. तिथं लिंबाखाली करीमउस्ताद बसायचे. त्यांनी तट्टाच्या खुरातून बाभळीचा काटा काढला, आणि मी तिथंच थांबलो. भाऊ मेंढरांमागं गेला, मी घोड्यांमागं. उस्तादांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली, "पैले घोडे को चलता देख, मालिक की बाद में सुन." पुढं आयुष्यभर मी हे पाळलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आता थोडं धंद्याविषयी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घोड्याचा खूर म्हणजे एक मोठं नख. त्याची बाहेरची भिंत निर्जीव असते, तिच्यात खिळा मारला तर घोड्याला काही होत नाही. पण ही भिंत जेमतेम बोटाएवढी जाड. तिच्या आत जिवंत मांस. खिळा खालून शिरून त्या जाडीतूनच वर चढला पाहिजे आणि बाजूनं बाहेर आला पाहिजे. मग त्याचं टोक तोडून मुरडायचं. खिळा बरोबर चालला असेल तर हातोड्याखाली खणखणीत आवाज येतो. आत वळला की आवाज बद्द होतो. आमचं निम्मं काम कानानं चालतं.

हे नख महिन्याला करंगळीच्या नखाएवढं वाढतं. म्हणून दर पाच-सहा आठवड्यांनी नाल काढायची, वाढलेला खूर तासायचा, पुन्हा नाल मारायची. वरून निघालेलं नवं नख जमिनीपर्यंत पोचायला जवळजवळ वर्ष लागतं. म्हणजे आज खूर बिघडवला तर वर्षभर भोगावं लागतं. ही साधी गोष्ट मी किती मालकांना सांगितली असेल! ते मान डोलावतात आणि विचारतात, "मग रविवारपर्यंत बरा होईल ना? वरातीची सुपारी घेतली आहे."

घोडा लंगडला की मालक आधी खांदा धरतो. "भाऊ, खांद्यात भरलाय." मग खांद्याला गरम तेल, हळद, बिब्बा, काळा दोरा, सगळं होऊन जातं. दहातले आठ घोडे खुरात दुखत असतात, पण खुराला कुणी हात लावत नाही, कारण त्यासाठी वाकावं लागतं. शेंद्र्याच्या बाजूला जमिनी कारखान्यांना गेल्या तेव्हा एका गृहस्थानं दांडगा घोडा आणला, गळ्यात घुंगरं, अंगावर भरजरी झूल. मला बोलावून म्हणाला, "नाल चकचकीत पाहिजे आणि पुढचा खूर कापायचा नाही, लांब खूर रुबाबदार दिसतो." मी सांगितलं की खूर पुढं वाढला की टाचेवर ताण येतो, घोडा लंगडा होऊन बसेल. त्यानं मोबाइल काढून मला कुठल्या तरी नाचणाऱ्या घोड्याची चित्रफीत दाखवली. माझ्यासमोर त्याचा घोडा तीन पायांवर उभा होता, आणि हा मला चित्रफितीतला घोडा दाखवत होता. मी हत्यारं गुंडाळली आणि निघून आलो.

पण मला सांगायचं आहे ते गंगाधरच्या घोडीविषयी.

गारखेडा हे एके काळी गावच होतं. शहर वाढत वाढत त्याच्या अंगावरून पुढं निघून गेलं आणि चारी बाजूंनी इमारती उठल्या. त्या इमारतींच्या मधोमध, एका नाल्याच्या कडेला, गंगाधरचं पत्र्याचं शेड उरलं होतं. त्याच्या बापाचा टांगा होता. टांगे बंद पडल्यावर गंगाधरनं वरातीला घोडी द्यायला सुरुवात केली. त्याची बायको इंदूबाई चार घरी स्वयंपाकाला जायची. घोडीचं नाव कस्तुरी. काळीभोर, कपाळावर पांढरा टिळा, आणि स्वभावानं इतकी गरीब की तिच्या पोटाखालून पोरं पळायची तरी कान हलवायची नाही. घोडी उत्तम, पण धंद्याला अवघड. नवरदेवाला पांढरीच घोडी लागते. काळी दारात नको, अपशकुन होतो म्हणतात. त्यामुळे कस्तुरीला मिळायच्या त्या जयंतीच्या मिरवणुका, शाळेची संमेलनं, आणि ज्यांना पांढरी मिळाली नाही अशांच्या वराती.

त्यात दुष्काळ आला. एक वर्ष कसंबसं निघालं, दुसऱ्या वर्षी शहरात आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येऊ लागलं. गावाकडची माणसं लग्नं पुढं ढकलत होती किंवा दारातच उरकत होती, वरात कुठली काढतात! आणि दुष्काळ खुरातही शिरतो, हे लोकांना ठाऊक नसतं. ओल नसली की खूर वाळून ठिसूळ होतो. वर नवे सिमेंटचे रस्ते. कस्तुरीच्या पुढच्या उजव्या खुराला टाचेजवळ उभी चीर पडली.

मी गेलो तेव्हा गंगाधर तिच्या खांद्याला तेल चोळत होता.

"खांदा सोड," मी म्हणालो. "चालवून दाखव."

त्यानं घोडी रस्त्यावर चालवली. उजवा पाय टेकला की तिची मान वर जायची. पुढचा पाय दुखत असला की घोडा असाच करतो, दुखऱ्या पायावरचा भार मानेनं उचलायला बघतो. खूर हातात घेतला तर गरम. चिरेच्या दोन्ही बाजूंनी खिळे उपसायच्या जंबुरानं हलकेच दाबलं तर तिनं पाय ओढून घेतला.

"हिला भिंत उकललीय," मी सांगितलं. "प्रत्येक पावलाला चीर उघडते-मिटते. साधी नाल चालायची नाही. बंद नाल घडवावी लागेल."

साधी नाल मागून उघडी असते, सगळ्यांनी पाहिलेली असते. बंद नाल मागून पट्टी घालून जोडतात, त्यामुळे ती गोल होते. घोड्याचा भार मागच्या पट्टीवर आणि मधल्या मऊ भागावर वाटला जातो. चिरेखालची भिंत थोडी तासून ठेवायची, म्हणजे ती नालेला टेकतच नाही आणि तिला विश्रांती मिळते. चिरेजवळ खिळा मारायचा नाही. दुसऱ्या बाजूला चार, या बाजूला पुढं एकच. अशी नाल मी उस्तादांकडून शिकलो होतो आणि साऱ्या आयुष्यात वीसेक वेळा घडवली असेल. कस्तुरीसाठी घडवली ती मला स्वतःलाच आवडली. मारून झाल्यावर घोडी चालवली तर मान जवळजवळ स्थिर होती. मी गंगाधरला बजावलं, "सहा आठवडे हात लावायचा नाही. डांबरावर न्यायची नाही. खूर रोज ओला करायचा."

"भाऊ, प्यायला पानी नाय, खुराला कुठून घालू?"

हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यावर इंदूबाईनं आतून सांगितलं, "भांड्याचं पानी इकडंच सोडते मी. तिथं उभी ऱ्हाईल ती." आणि तिनं खरोखरच मोरीची वाट फिरवून घोडीच्या पुढच्या पायांखाली चिखल केला. त्या घरात खुराचं कळणारी ती एकटीच होती.

दहा दिवसांनी गंगाधरचा फोन. "भाऊ, नाल निखळली."

मी चरफडत गेलो. दुसरी बंद नाल घडवली. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन, "निखळली." तिसरी घडवली. ती बारा दिवस टिकली, मग चौथी. आता मी मनातून हादरलो. माझी नाल आठवडा-पंधरवड्यात निखळली असं आजवर झालं नव्हतं. मी खिळे बदलले, दुसऱ्या दुकानातून आणले. चष्म्याचा नंबर तपासून आलो. साठी ओलांडली होती, वाटलं हात सैल झाला. नाल निखळते तेव्हा भिंतीचा तुकडा तोडून जाते, आणि इथं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तर खिळ्यांची मुरड सरळ करून ठेवावी तशी भोकं स्वच्छ होती. हे मी पाहिलं होतं. बोटानं चाचपलंही होतं. आणि तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, कारण डोक्यात एकच घोळत होतं, आपलं काम बिघडतंय. प्रत्येक वेळी नवी भोकं, आणि आधीच ठिसूळ झालेल्या भिंतीची चाळण. चीर बोटभर वर चढली.

त्याच सुमारास माझ्या भाचीनं गारखेड्यात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद, कंबरेचे हाल. भाचीच्या दारासमोर शेजाऱ्याचं दार होतं. धाप टाकत मी वर पाहिलं तर चौकटीवर, हळदकुंकू लावलेली, झेंडूचा हार घातलेली, माझी नाल.

चूक व्हायचं कारणच नव्हतं. मागची पट्टी, एका बाजूला चार भोकं आणि दुसरीकडं एकच. पट्टीच्या जोडावर हातोड्याचा एक चुकार घाव पडला होता, तोही दिसत होता. आई आपलं पोर ओळखते तशी मी ती ओळखली.

दारात उभे असलेले गृहस्थ निवृत्त कारकून होते, मोठे सज्जन. मी टक लावून पाहतोय म्हटल्यावर त्यांनी आपण होऊन माहिती दिली. "काळ्या घोडीची आहे बरं का. शनिवारी पायातून उतरलेली. आणि ही बंद नाल आहे. साध्या नालेला तोंड असतं, लक्ष्मी आली तशी निघून जाते. हिच्यातून जाणार कुठून?"

"हे कुणी सांगितलं?"

"घोडीवाल्यानंच. कुणी एक म्हातारा नालबंद आहे म्हणे, तो उपवास धरून घडवतो. आमच्या इमारतीत तिघांकडं आहे. पलीकडच्या इमारतीतले वाट बघतायत."

उपवास! आदल्या दिवशी मी सुक्या बोंबलाचं कालवण चापून खाल्लं होतं. एरवी मला हसू फुटलं असतं. पण डोळ्यांसमोर तो खूर आला, मोरीच्या पाण्यात उभा असलेला, आणि माझ्या कानशिलांत आग झाली. ज्यांनी काळ्या घोडीवर नवरदेव बसू दिला नसता, तेच तिच्या पायातली नाल काढून दाराला लावत होते. आणि मी मेहनत करकरून ती त्यांना पुरवत होतो.

वास्तुशांतीचं जेवण न घेता मी तसाच शेडात गेलो. गंगाधर दाढी करत बसला होता.

"गंगाधर, नाल निखळत व्हत्या का?" रागात माझ्याही तोंडून गावची भाषा बाहेर पडली.

त्यानं माझं तोंड पाहिलं आणि वस्तरा खाली ठेवला. "पहिली खरंच निखळली, भाऊ. देवाशपथ. समोरच्या बिल्डिंगीतल्या एका बाईनं ती उचलली, म्हनली मला द्या. मंग दुसऱ्या दिवशी तिची जाऊ आली."

"अन् बाकीच्या?"

"बाकीच्या मी काढल्या."

"चांगल्या पायातून? चीर पडलेल्या खुरातून? खिळे उपसून?"

"नवी कोरी नाल घेत नायत ते. म्हनत्यात, घोडीच्या पायात झिजलेली पाहिजे. म्या थोडी सडकंवर फिरवून आनायचो." त्याचा आवाज बारीक झाला. "भाऊ, मी तरी काय करू? काळी वरातीला नको म्हनत्यात. चारा बगा कसला मिळायलाय. तिच्या पायानंच तिचा चारा यायला लागला, तर माझं काय चुकलं?"

म्हणजे डांबरावर नेऊ नको सांगितलं तिथं हा नाल झिजावी म्हणून तिला मुद्दाम डांबरावर फिरवत होता! मी त्याला नको ते बोललो. तुझ्या बापानं टांग्याच्या घोड्याला पोराआधी पाणी पाजलं, तू त्याच्या नावाला बट्टा लावलास, असंही म्हणालो. इंदूबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिला हे ठाऊक होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. "आजपासून तुझ्या शेडात पाय ठेवणार नाही," असं सांगून मी मोपेड चालू केली.

आणि शब्द पाळला. तोच माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मूर्खपणा.

रागाच्या भरात माणसाला आपण फार तत्त्वाचे आहोत असं वाटतं. दोन महिने मी गारखेड्याकडं फिरकलो नाही. फोन आले, घेतले नाहीत. कस्तुरीच्या पायातली शेवटची नाल मीच मारलेली होती, ती काढायची, खूर तासायची वेळ टळून गेली हे मला रोज आठवायचं. रोज मी स्वतःला सांगायचो, त्याला अद्दल घडू दे. अद्दल घडवायला मी खूर मात्र घोडीचा निवडला होता.

एके सकाळी इंदूबाई माझ्या दारात. कामाची घरं बुडवून, दोन रिक्षा बदलून आली होती. माझ्या बायकोनं पाणी दिलं ते तिनं हातातच धरून ठेवलं.

"भाऊ, तुमचं भांडन ह्यांच्याशी हाय. घोडीनं काय केलं?"

"काय झालं तिला?" मी विचारलं.

"पाय टेकवत नाय ती. दोन दिस झाले, दाना तोंडात घेईना. त्या गिरिलवाल्यानं नाल मारली, तवापासून."

"कोण ग्रिलवाला?"

खिडक्यांचे गज जोडणारा एक वेल्डर शेडाशेजारी दुकान थाटून होता. मी येत नाही म्हटल्यावर गंगाधरनं त्याच्याकडून गजाच्या तुकड्यांची बंद नाल करून घेतली. एक नव्हे, अनेक, विकायला. मला न सांगता माझा धंदा तिथं सुरू झाला होता. आणि ज्यानं जन्मात खूर हातात धरला नाही अशा त्या माणसानं घोडीला खिळे मारले. त्याला खणखणीत आणि बद्द आवाजातला फरक कोण सांगणार?

मी हत्यारं घेतली. इंदूबाईला मोपेडवर मागं बसवलं, मांडीवर ऐरण दिली. वाटेत सरकारी दवाखान्यातल्या पशुवैद्य डॉक्टरांना फोन करून शेडावर बोलावलं, कारण इथवर आल्यावर एकट्या नालबंदानं हात घालायचा नसतो.

कस्तुरी मान खाली सोडून उभी होती. उजव्या पायाचं नुसतं टोक टेकलेलं. अंगावरचं काळं तेज पार गेलेलं. मी तिच्या बाजूला वाकलो तेव्हा तिनं माझ्या पाठीवर हनुवटी ठेवली, पूर्वी ठेवायची तशीच. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी गंगाधरवरच ओरडलो, "पाय धर नीट!" त्यानं मुकाट्यानं धरला.

एक खिळा सरळ मांसात गेला होता. तो उपसला तसा त्याच्या मागोमाग काळा पू आला. वास असा, की डॉक्टरांनीही तोंड फिरवलं. वाकड्या सुरीनं तळ उघडून वाट करून दिली, धुतलं, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पट्टी बांधली, वर जुन्या टायरचा तुकडा कापून बूट केला. तासाभरानं घोडीनं पाय जमिनीवर टेकवला आणि घमेल्यात तोंड घातलं.

मग गंगाधरनं विचारलं, "भाऊ, सीझनपर्यंत उभी ऱ्हाईल का?"

काय म्हणावं याला? मी त्याच्याकडं पाहिलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. निगरगट्टपणानं विचारत नव्हता तो. त्याला दुसरं काही विचारताच येत नव्हतं. मी सांगितलं, "हिच्या खुराला खिळा मारायला जागाच उरलेली नाही. वर्षभर नाल नाही. वरात नाही. डांबर नाही. वरून नवं नख येईल तेव्हा बघू."

"वर्सभर खायला काय घालू तिला?"

"माझ्या भावाकडं करमाडला ठेव. मेंढरांत राहील. जे मेंढरांना मिळेल ते तिला मिळेल."

यात मी उदार वगैरे झालो नव्हतो. दोन महिन्यांचा हिशेब माझ्या अंगावर होता. टेम्पो केला, कस्तुरीला चढवलं. इंदूबाई शेवटपर्यंत तिच्या आयाळीतून हात फिरवत होती. गंगाधर टेम्पोच्या मागं पार मुख्य रस्त्यापर्यंत चालत आला.

दर महिन्याला मी करमाडला जाऊन खूर तासायचो. गंगाधरही यायचा, एसटीनं. पहिल्या खेपेला लांब उभा राहिला. पुढं पुढं स्वतः पाय उचलून धरू लागला, खुरातला चिखल काढू लागला. एकदा मी उशिरा पोचलो तर तो वाकून नव्या नखाची रेघ बोटानं मोजत होता. मला पाहून म्हणाला, "दोन बोटं आलंया, भाऊ." गड्याला त्याच्या घोडीचा खूर असा पहिल्यांदाच दिसत होता.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. खूर पुरा वाढून जमिनीला लागला. वरून चीर नाही. पण आतल्या पूमुळे टाचेकडची बाजू आक्रसून गेली होती. मऊ रानात कस्तुरी सरळ चालायची, कुणाला शंका येऊ नये इतकी सरळ. रस्त्यावर आणली की चौथ्या पावलाला मान वर. मी सगळं करून पाहिलं, बंद नाल, चामड्याची गादी, रबर. नाही जमलं. वेळेवर त्या पायाला हात लागला असता, तर ती घोडी आज मिरवणुकीत असती. गंगाधरनं नाल उपसल्या हे खरं. वेल्डरनं खिळा आत घातला हेही खरं. पण मला सगळं कळत होतं, आणि कळणारा माणूस रुसून घरी बसला होता. या गोष्टीत मी सर्वांवर चिडून झालो आहे. आता चिडायला एकटा मीच उरलो आहे.

कस्तुरी करमाडलाच राहिली. गंगाधर काही महिने एका इमारतीवर पहारेकरी होता.

मागच्या वर्षी त्याचा फोन आला. "भाऊ, घोडी घेतलीया. नाल मारायला या." मी म्हटलं, घेतलीस कशाला पुन्हा? पण गेलो. जालन्याकडच्या एका वरातवाल्यानं धंदा सोडला होता, त्याची ही घोडी. दात झिजलेले, पाठ जरा खोलगट, डोळ्यांभोवती गुलाबी कातडी. पांढरीशुभ्र.

"पांढरी घेतलीस ते बरं केलंस," मी ऐरण उतरवत म्हणालो. "वराती मिळतील."

"वरातीसाठी नाय घेतली पांढरी, भाऊ." गंगाधरनं तिचा पुढचा उजवा पाय उचलून माझ्यासमोर धरला. खूर तळापर्यंत स्वच्छ धुतलेला होता. "काळीची नाल लोकं मागत्यात. उद्या चारा संपला, अन् दारात कुनी आलं, तर माझा हात जंबुराकडं जाईल. मला माझा भरवसा नाय. पांढरीच्या नालेला कोन इचारतंय?"

मी खिळा तोंडातून काढला, भिंतीवर टेकवला आणि पहिला घाव घातला. गंगाधर मान तिरकी करून आवाज ऐकत होता.

"नीट चाललाय ना, भाऊ?" त्यानं विचारलं.

"तूच सांग," मी म्हणालो.

त्यानं आणखी दोन घाव ऐकले. मग म्हणाला, "व्हय. मारा."

पुढचे सात खिळे मी त्याला विचारून मारले.